डगल्याची आतली बाजू

॥ श्री ॥
९ जानेवारी

चि. खारूताईस अ. उ. आ.

तुझे पत्र शनिवारी पोचले. आधी दारातच उभ्याने वाचले, मग शेगडीवरचे उतरवून बसून वाचले, आणि संध्याकाळी दिवा लावल्यावर तुझ्या आतोबांना वाचून दाखवले. म्हणजे एका तिकिटात तीन वाचने झाली.

फ्रेंच दिग्दर्शकाच्या नव्या युद्धपटाची बातमी मला देऊन तू फार मोठे काही सांगितलेस असे समजू नकोस. आमच्या गल्लीतल्या वाचनालयाच्या फळ्यावर ते कात्रण महिनाभर लागले आहे. ग्रंथपाल असा हरखला आहे की घरचेच कार्य निघाले असावे. या माणसाचा चित्रपट सहा वर्षांनी येतो आहे, युद्धातली प्रेमकथा आहे आणि सगळे जग डोळ्यांत तेल घालून वाट पाहते आहे, असे तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो. तुझे आतोबा म्हणाले, माझ्याकडे घड्याळ दुरुस्तीला टाकलेले लोक चार दिवस वाट पाहत नाहीत, हे सहा वर्षे कसे थांबले. मी थिएटरात गेले त्याला अठरा वर्षे झाली. पाप वाटते म्हणून नव्हे. तीन तास अंधारात हात मांडीवर ठेवून बसायचे, तेवढ्यात दोन बंड्या दुरुस्त होतात.

आता तुझ्या कामाचे. त्याच युद्धपटासाठी चोवीस लष्करी डगले, चार हिवाळे अंगावर काढलेले दिसायला हवेत, तुमच्याकडच्या मुली रफू करतात ते रुमालावरच्या भरतकामासारखे दिसते, आणि म्हणून तू मुख्य बाईंसमोर माझे नाव घेऊन मोकळी झालीस. आधी विचारायची रीत आहे. पण विचारले असतेस तर मी आढेवेढे घेतले असते, हेही तुला ठाऊक. लहानपणी माझ्या टोपलीतून बटणे आणि चिंध्या पळवून गादीखाली साठवायचीस, तेव्हा तुझे नाव खारूताई मीच ठेवले. आता खारीने आत्यालाच गादीखाली नेऊन ठेवले म्हणायचे.

दादाने तुला मार्चअखेरपर्यंतची मुदत दिली आहे, हे त्याने मलाही ऐकवले. तोवर त्या वेशभूषेच्या कार्यशाळेत कायम झालीस तर ठीक, नाही तर परत येऊन त्याच्या कचेरीत कारकून म्हणून बसायचे. बाप म्हणून माझा भाऊ वाईट नाही, पण त्याला ज्या कामाला टेबल नाही ते काम वाटत नाही. तेव्हा डगले पाठवून दे. माझ्या सुईमुळे तुझे पाय तिथे रोवले जाणार असतील तर देवाची आणखी कोणती सेवा मला करायची राहिली आहे?

लोभ आहे तो विरू देऊ नकोस.

तुझी आत्या


१७ जानेवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

दोन मोठी गाठोडी आज रवाना केली. सोडताना घाबरू नकोस. डगले नवेच आहेत, पण आम्ही आठवडाभर त्यांचा छळ केलाय. खवणीनं कोपर खरवडले, काचकागदानं खांदे घासले, मेणबत्तीनं कडा जाळल्या, आणि मी स्वतः दोन डगले दोरीला बांधून अंगणातल्या खडीवरून ओढत नेले. शिपाई विचारत होता की यांनी केलं तरी काय. अस्तर मुद्दामच लावलेलं नाही. युद्धात अस्तराचं कापड आधी संपतं, असं आमच्या मुख्य बाई म्हणतात. त्यांना आम्ही पाठीमागे कात्रीबाई म्हणतो. गळ्यात कात्री असतेच, आणि बोलणंही तसंच.

कथा पूर्ण सांगता येत नाही, कारण आम्हा सगळ्यांकडून लिहून घेतलंय की शेवट घरीसुद्धा फोडायचा नाही. इतकं सांगते: नायिका लष्करी इस्पितळाच्या धोबीखान्यात रफू करणारी आहे. आघाडीवरून डगले येतात, धुतले जातात, ही ते सांधते आणि परत पाठवते. एकच डगला पुन्हा पुन्हा येतो. खिशात एकदा एक बटण, एकदा दोन ओळी. त्या दोघांची भेट सगळ्या चित्रपटात एकदाच. सगळा चित्रपट त्या रफूवर उभा आहे आत्या, यापुढे माझ्या तोंडाला कुलूप.

कात्रीबाईंना मी विचारलं की आत्याला काय सूचना लिहू. म्हणाल्या, तिला येतं तितकं उत्तम करायला सांग. तेव्हा तुला येतं तितकं उत्तम कर. शूटिंग एकवीस फेब्रुवारीला सुरू होतंय. दिग्दर्शक त्याआधी डगले स्वतः बघणार. त्यांना आपली भाषा येत नाही, दुभाषा बरोबर असतो, पण कापड हातात घेतलं की ते दुभाष्याकडे बघतही नाहीत.

आतोबांना नमस्कार. त्यांनी तुला चष्म्याशिवाय बसू देऊ नये.

तुझी
खारूताई


॥ श्री ॥
६ फेब्रुवारी

चि. खारूताईस अ. उ. आ.

काम फत्ते झाले. गाठोडी आज सकाळी टपालात टाकली आणि घर एकदम मोठे वाटू लागले, कारण पंधरा दिवस खुर्च्यांवर, दारांवर, पलंगावर सैनिकच बसले होते. दूधवाला बाहेरून डोकावून म्हणाला की काकू, पलटण कधी हलणार?

रोज पूजा आटोपली की बसायची आणि ऊन खिडकीतून सरकेपर्यंत उठायची नाही. एका टाक्याला एक नाम, असा क्रम धरला. वहीत नोंद केली आहे: चोवीस डगले, एकशे एकतीस भोके. त्यांत कोपराची बावन्न, बाकीची खांदे, खिसे आणि कडा. कडेला जळलेली सात होती, ती तुझी कर्तबगारी असणार. बाजारचा दोरा मी वापरला नाही. त्याचा रंग कितीही जुळवला तरी उन्हात चहाडी करतो. प्रत्येक डगल्याच्या खालच्या दुमडीतून त्याचाच धागा उसवून काढला आणि त्यानेच त्याची भोके भरली. ज्याचे दुःख त्याच्याच धाग्याने मिटवले म्हणजे कोणाला कळत नाही, असे माझी आई म्हणायची. ती तुझी आजी, आणि तिच्या हातची ठोकर अजून माझ्या बोटांना आठवते.

पुढे गंमत ऐक. तुझे आतोबा गेल्या आठवड्यात म्हणाले की तुझे रफू मला सापडणार नाही असे होणे नाही. मी म्हटले, शोधा. घड्याळ दुरुस्तीची ती भिंगाची नळी डोळ्याला लावून हा माणूस दीड तास डगल्यांवर वाकला होता. एकशे एकतीसातली दोन सापडली. ती दोन मी उसवून पुन्हा घातली. आता ब्रह्मदेव आला तरी भोक कुठे होते ते त्याला सांगता यायचे नाही.

तुझ्या कात्रीबाईंना म्हणावे, दिसत असेल तर दाखवा.

आशीर्वाद आहेतच, ते जपून वापर.

तुझी आत्या


तार
११ फेब्रुवारी

डगले पोचले. रफू दिसतच नाही. दिसायला हवे होते. डगले नवे वाटतात. दहा दिवस उरले. कात्रीबाई भडकल्या. काय करू. खारू


॥ श्री ॥
१२ फेब्रुवारी

चि. खारूताईस अ. उ. आ.

तार आली. तारवाल्याला वाटले कोणी गेले, त्याने टोपी काढूनच हातात दिली.

रफू दिसत नाही, ही तक्रार मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. तीस वर्षे मी या एका गोष्टीसाठी बोटे टोचून घेतली की ते दिसू नये. आपल्या माणसाने बाहेर चारचौघांत उभे राहावे आणि त्याच्या घरी काय फाटले आहे ते कोणाला कळू नये, यासाठीच बाई सुई हातात धरते. तुमची ती नायिका धोबीखान्यात बसून काय वेगळे करत होती? आपला माणूस ठिगळे मिरवत मरायला जावा, असे तिला वाटत होते काय? उत्तम कर म्हणालात, उत्तम केले. वाईट हवे होते तर तसे लिहायचे.

इतके लिहून उठले होते. देवापुढे बसले, मन थाऱ्यावर आले, आणि वाटले की चूक माझीही आहे. मी विचारले नाही. मला वाटले रफू म्हणजे रफू, त्यात विचारायचे काय. आणि चुकीची किंमत मी न मोजता तू मोजायचीस, हे मला सहन होत नाही. दादाचा काल निरोप होता की तुझी खोली झाडून ठेवली आहे.

म्हणून नीट वाच. कात्रीबाई वरून काळ्या दोऱ्याने टाके मारून घ्यायला निघाल्या असतील. त्यांना एक दिवस थांबव. आणि डगला उलटा कर. बाही आतून बाहेर काढ. बाहेरून मी एक धागाही दिसू दिलेला नाही, पण सगळा हिशेब आत आहे. लोकरीत टाका सुटू नये म्हणून धाग्याची टोके मी लांब सोडते आणि तीनदा फिरवून डावीकडे वळवते, कारण माझे डावे बोट लहानपणी दारात सापडून वाकडे झाले आहे. दुसऱ्या कोणाचा धागा तसा वळत नाही. वरून सगळे रफू एकसारखे, पण आतून प्रत्येक बाईचे अक्षर वेगळे. हजार डगल्यांच्या ढिगात माझा डगला मला डोळे मिटून हाताने कळेल. बघणाऱ्याला कळू नये आणि करणाऱ्याला कळावे, एवढेच रफू.

हे त्या फ्रेंच गृहस्थांना सांगायची तुझी हिंमत असेल तर सांग. नसेल तर तार कर. मी येते आणि माझ्याच हाताने त्यावर काळे टाके मारते. तीस वर्षांचे व्रत मोडेल, पण तुझ्यासाठी मारीन.

तुझी आत्या


२० फेब्रुवारी

ती. आत्यास शि. सा. न. वि. वि.

पत्र हातात घे आणि आधी खाली बस.

तुझं पत्र आलं तेव्हा तीन डगल्यांवर काळे टाके पडूनही गेले होते. दिग्दर्शक दुसऱ्या दिवशी यायचे होते. कात्रीबाईंनी मला सांगून टाकलं होतं की मार्चपर्यंत थांबायची गरज नाही, शनिवारी सामान आवर. मी रडले नाही, कारण माझ्या हातात उसवायचं धारदार पातं होतं आणि तिथं रडलं तर बोट जातं.

ते आले. लांब टेबलावर डगले मांडलेले. कात्रीबाईंनी काळ्या टाक्यांचा डगला पुढे केला. त्यांनी हातात घेतला, ठेवला. दुसरा घेतला, ठेवला. दुभाष्याला काहीतरी म्हणाले आणि तो खाली मान घालून म्हणाला की साहेबांना हे नाटकातल्या भिकाऱ्याचे कपडे वाटतात. शिवणयंत्रंसुद्धा थांबली. आत्या, मला माझंच कळलं नाही. मी टेबलाच्या टोकाचा एक डगला ओढला, त्याची बाही उलटी केली आणि त्यांच्यासमोर धरली. मग तुझं पत्र खिशातून काढलं आणि वाचलं. ब्रह्मदेवाचं नव्हे, हे बारा तारखेचं. आपला माणूस चारचौघांत उभा राहावा, तिथपासून ते करणाऱ्याला कळावं, तिथपर्यंत. दुभाषा एकेक वाक्य सांगत होता. वाकड्या बोटाशी येऊन तो अडखळला, तर साहेबांनी स्वतःचं बोट वाकवून त्याला विचारलं, असं?

मग ते खिडकीशी गेले आणि बाहीत हात घालून बराच वेळ उभे राहिले. बोटं आतून फिरवत होते.

आता कुलूप उघडायची परवानगी त्यांनीच दिलीय, तुला एकटीला. शेवट असा आहे. युद्ध संपतं, इस्पितळात चोवीस जखमी आणतात, सगळ्यांचे चेहरे पट्ट्यांनी झाकलेले, सगळ्यांचे डगले सारखे. त्यांतला आपला कोण हे नायिकेला ओळखायचंय. मूळ लिखाणात ती दारातूनच आपलं ठिगळ ओळखते आणि धावत जाते. साहेब म्हणाले की हा प्रसंग मला दोन वर्षं टोचतोय, इतक्या लांबून माणूस झेंडा ओळखतो, टाका नाही, आणि मला कळत नव्हतं की चुकतंय कुठं. आता ती एकेका खाटेशी जाईल, बाहीत हात घालेल, आतून चाचपेल आणि पुढच्या खाटेशी जाईल. बघणाऱ्याला काही दिसणार नाही. तिलाच कळेल.

पण चोवीसही डगल्यांत तुझंच अक्षर आहे, म्हणजे तिला चोवीस नायक सापडतील. शेवटचा प्रसंग मार्चमध्ये घेणार आहेत, म्हणून तोवर तेवीस आतून उसवून, तेवीस वेगळ्या हातांनी सांधून हवेत. बाहेरून न दिसणारे, आतून एकमेकांशी न जुळणारे. आमच्या मुलींचं काम वाईट म्हणून तुला बोलावलं होतं, आता त्यांचंच वेगवेगळं वाईट हवंय. हे करून घ्यायला कोण, तर साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. कात्रीबाईंनी सगळ्यांदेखत माझ्या गळ्यात स्वतःची दुसरी कात्री अडकवली. आज सकाळी टेबलावर कागद होता. मी कायम झाले आहे, आत्या. रफू विभागाची प्रमुख. विभागच कालपर्यंत नव्हता. दादांना वेगळं पत्र टाकलंय, दोनच ओळींचं, कारण तिसरी लिहिली तर भांडण होईल.

आणखी एक. नायिकेच्या हातांचं जवळून चित्रण आहे. नटीचे हात फार गुळगुळीत आहेत. साहेब म्हणतात की चार वर्षं सोड्याच्या पाण्यात राहिलेली बाई चेहऱ्यानं वीसची असते आणि हातांनी पन्नासची. त्यांना वाकड्या बोटाचे हात हवेत. दोन तिकिटं सोबत आहेत. आतोबांना दुकान तीन दिवस बंद ठेवायला सांग. घड्याळांना कळणार नाही.

तुझी
खारूताई


॥ श्री ॥
३० सप्टेंबर

चि. खारूताईस अ. उ. आ.

तू मार्चमध्ये मला गाडीत बसवून दिलेस तेव्हा वाटले होते की आता चित्रपट येणार म्हणजे आठ-पंधरा दिवसांत येईल. सात महिने झाले. अंडी घालून, उबवून, पिल्ले मोठी करून कोंबडीसुद्धा मोकळी होते.

वाट पाहण्याचा सगळा ताप माझ्या डोक्यावर आहे. तुझ्या आतोबांनी गल्लीभर सांगितले आहे की चित्रपटात आमच्या घरचे हात आहेत. घड्याळ न्यायला आलेला माणूस मागे वाकून माझे हात बघून जातो. परवा भाजीवालीने विचारले की काकू, त्या हातांनी तुम्ही आता भाजी निवडता? मी म्हटले, तेच दोन दिलेत देवाने, चित्रपटाचे वेगळे नाहीत. ग्रंथपाल रोज फळा पुसून उरलेले दिवस खडूने लिहितो. वर्तमानपत्रात एक जण लिहितो की प्रेमकथा असून नायक-नायिका एकदाच भेटतात, लोक कंटाळतील. तो अविवाहित असावा.

थिएटरावर फलक लागला आहे. त्यावर नटी नाही, नट नाही, बंदूक नाही. एक उलटी केलेली बाही आणि तीत शिरलेला हात. मी पिशवी घेऊन समोरच्या पायरीवर उभी राहिले आणि मला आधी माझ्या आईचा हात वाटला. मग बोट ओळखू आले. लोक ये-जा करत होते, कोणालाही ठाऊक नव्हते, आणि मला फार बरे वाटले.

देवाला सांगून ठेवले आहे की प्रेमाचा चित्रपट आहे खरा, पण कष्टाचाही आहे, तेव्हा कृपा असू दे.

दादाबद्दल विचारतेस. तो तुझे नाव काढत नाही. पण अकरा तारखेच्या पहिल्या खेळाची तिकिटे काढायला रांगेत उभा असलेला ग्रंथपालाला दिसला. मी विचारले तर म्हणाला, पाय मोकळे करायला गेलो होतो. त्याचे पाय कधीपासून रांगेत मोकळे होतात, देव जाणे.

जवळ असतीस तर दृष्ट काढली असती. लांबूनच काढते.

तुझी आत्या


॥ श्री ॥
शुक्रवार, ११ ऑक्टोबर, संध्याकाळ

चि. खारूताईस अ. उ. आ.

दुपारचा खेळ पाहून आताच आलो. पायातल्या वहाणा काढल्या आणि लिहायला बसले. तुमच्याकडे उद्घाटनाच्या खेळाला मोठी माणसे असतील, भाषणे असतील. आमच्याकडचे मी सांगते.

थिएटर शिगोशीग भरले होते. बाजूला लोक उभे होते. मी, तुझे आतोबा आणि पलीकडे दादा, कोट घालून, कचेरीत जातो तसा. माझे हात आले तेव्हा आतोबांनी मला कोपराने ढोसले, पुढच्या रांगेतल्या भाजीवालीने वळून बघितले, आणि मला मात्र तिथे मी दिसलेच नाही. त्या पोरीचेच हात वाटले. नटीने पुढे एका ठिकाणी सुई उलटी धरली आहे, ते तू कशी होऊ दिलेस? पण कोणाच्या लक्षात आले नसावे.

मग शेवट. ती पहिल्या खाटेशी गेली, बाहीत हात घातला, आणि आपला नाही हे तिच्या मानेवरून कळले. दुसरी खाट. तिसरी. संगीत नाही, काही नाही, फक्त तिच्या बुटांचा आवाज. खारूताई, एवढ्या माणसांत कोणी खोकले नाही. सातव्या खाटेपासून लोक मोजू लागले, मला कुजबुज ऐकू येत होती. शेजारची अनोळखी बाई माझा हात धरून बसली होती. एकोणिसाव्या खाटेशी तिचा हात बाहीत गेला आणि थांबला. तिने काही केले नाही, रडली नाही, त्याचे नाव घेतले नाही. आत हात तसाच ठेवून खाटेशेजारी बसली. बस्स. आणि सगळे थिएटर उठून टाळ्या वाजवू लागले, पडद्याला, तो ऐकतो आहे असे समजून. उभे राहण्यात पहिला ग्रंथपाल होता.

लोक टाळ्या वाजवत, डोळे पुसत बाहेर पडू लागले. पडद्यावर नावे सरकत होती. कोणाकोणाची ती, शंभर-दोनशे. दिवे लागले. आम्हीही उठलो, तर दादा जागचा हलेना. दोन्ही हात पुढच्या खुर्चीवर, मान वर, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतलेला. द्वारपाल मागून झाडू घेऊन आला आणि म्हणाला की साहेब, संपला चित्रपट, पुढचा खेळ लावायचा आहे, चला.

दादाने पडद्यावरची नजर काढली नाही. त्याला म्हणाला, "थांबा हो. माझी मुलगी यायची आहे अजून."

तो बिचारा दाराकडे बघू लागला. मग समजला असावा, कारण त्याने पुढे होऊन दिवे मालवले आणि झाडू धरून आमच्याजवळ उभा राहिला. नावे सरकत राहिली. सुतार आले, रंगारी आले, घोडे सांभाळणारे आले. आणि तू आलीस. एकटी एका ओळीत, रफू विभाग, प्रमुख, आणि पुढे तुझे नाव, वडिलांच्या नावासकट. दादाने ते मोठ्याने वाचले. शाळेचा निकाल वाचावा तसे, रिकाम्या थिएटरात, पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत.

बाकी सर्व क्षेम. तुझ्यावरचा लोभ आता आमच्या एकट्यांचा राहिला नाही, वाटून घेतला जाईल, त्याची तयारी ठेव.

तुझी आत्या

ता. क. दादा उद्याच्या खेळाची तिकिटे काढून आला आहे. कचेरीतल्या सगळ्यांची.